दर्याकडे पाठ

“आये, तू येकदा फळयेर उभी रव. मगे खुशाल नाय म्हण,” नमू म्हणाली, तेव्हा मी आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसून बांगडे कापत होते. मी मान वर केली नाही. बांगडा कापताना मान वर केली की बोट जातं आणि लेकीशी वाद घालताना मान वर केली की वाद जातो, हे मला ठाऊक होतं.

फळी म्हणजे सर्फिंगचा बोर्ड. आमच्या गावात त्याला दुसरं नाव कधी पडलंच नाही. मालवणच्या खाली, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव, आणि गाव रापणीचं. होडीने मोठं जाळं समुद्रात अर्धगोल टाकून यायचं आणि मग त्याच्या दोन्ही दोऱ्या सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून खेचायच्या, ही रापण. पुरुष, बायका, सुट्टीवर आलेले चाकरमानी, जो हाताला लागेल तो दोरीला. अशा गावात गोव्याचे आग्नेल सर रंगीत फळ्या घेऊन आले आणि पर्यटकांना लाटेवर उभं राहायला शिकवू लागले, तेव्हा सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. माझी नमू बारावीचा शेवटचा पेपर देऊन आली, दप्तर ओटीवर टाकलं आणि त्यांच्याकडे गेली. ती गेली ती गेलीच. दोन वर्षांत ती सरांपेक्षा चांगली उभी राहते, असं खुद्द सर सांगत फिरू लागले.

तिचं नाव नम्रता. बारशाला माझ्या नणंदेने ठेवलं होतं. त्या नावाशी पोरीचा पुढे काही संबंध आला नाही.

तर त्या आठवड्यात सरांनी बातमी आणली होती. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून निवडलेल्या पोरांना वर्षभर शिकवणार होते, राहणं-खाणं सगळं तिथंच. आमच्या भागातून एकट्या नमूची निवड झाली होती आणि रविवारी निघायचं होतं. नमूचे बाबा नेहमीप्रमाणे म्हणाले, “तुजी आवस म्हणात तसा.” आवस, म्हणजे मी, म्हणाली, नाही. सरांनी समजावून पाहिलं, नणंदेने फोन करून पाहिलं. मी सगळ्यांना तेच सांगितलं, आणि का ते कुणालाच सांगितलं नाही.

कारण सांगायला लाज वाटत होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, नमू पोटात असताना, एकदा अचानक वारा फिरला आणि आमच्या ह्यांची होडी संध्याकाळी परत आलीच नाही. मी आणि सासूबाई सुरूच्या झाडांपाशी जाऊन उभ्या राहिलो. मी दमून जरा वळले, तर सासूबाईंनी माझा दंड धरून मला पुन्हा समुद्राकडे फिरवलं. माणूस आत असताना घरच्या बाईने दर्याला पाठ दाखवायची नाही, असा त्यांच्या सासूचा नियम होता. पाठ दाखवली की दर्याला वाटतं, ह्याची वाट बघणारं कुणी नाही, ठेवून घेऊ. चहासुद्धा आम्ही तिकडे तोंड करून प्यायलो. दुसऱ्या दिवशी दुपारी हे आले, धडधाकट. वेंगुर्ल्याच्या बंदरात होडी लावून भजी खात बसले होते.

भज्यांवरून मी त्यांना पुढे कितीतरी वर्षं बोलून घेतलं. पण नियम अंगात मुरला तो मुरलाच. बाजारात मासे विकायला बसायचे, तीसुद्धा बंदराकडे तोंड करून. गिऱ्हाइकाला वाटायचं, ह्या बाईला विकायचं आहे की नाही. आणि नमू पाण्यात असली की मी सुरूपाशी उभी असायचे. ती तमिळनाडूच्या समुद्रात उतरली, तर मी उभी कुठे राहणार होते?

तेव्हा मी बांगड्याचं डोकं उडवलं आणि म्हटलं, बरं, येते. पण एकदा उभी राहिल्यावर, किंवा नाही राहता आलं तरी, मी नाही म्हटलं तर विषय संपला. पुन्हा काढायचा नाही. नमू कबूल झाली. मला हसू आवरत नव्हतं. सोपं काम होतं. जायचं, पडायचं, घरी येऊन आमटी टाकायची.

सकाळी ह्यांचा जुना टी-शर्ट आणि नमूची ट्रॅकपँट घालून मी किनाऱ्यावर आले, तेव्हा निम्मं गाव हजर होतं. कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. सासूबाई तर छत्री उघडून वाळूत ठाण मांडून बसल्या होत्या, दशावतार बघायला आल्यासारख्या.

पडण्यासाठी मला काही करावंच लागलं नाही. कमरेएवढ्या पाण्यात नमूने फळी किनाऱ्याकडे तोंड करून धरली, मला पालथं झोपवलं, मागून फेसाची लाट आली, नमूने फळी ढकलली आणि ती ओरडली, “उठ!” मी उठायचं मनात आणेपर्यंत खाली होते. नाकातोंडात पाणी, केस डोळ्यांवर, आणि पायाला बांधलेल्या दोरीने फळी परत येऊन माझ्याच ढुंगणावर बसली. किनाऱ्यावर हशा पिकला. त्यात सगळ्यात मोठा आवाज आमच्या ह्यांचा. जन्मात कधी मोठ्याने न बोललेला माणूस.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ठरल्याप्रमाणे मी घरी जायला हवं होतं. काम फत्ते झालं होतं. पण मी फळी फिरवली आणि नमूला म्हटलं, पुन्हा.

त्या सकाळी मी किती वेळा पडले ते सांगण्यात अर्थ नाही. गुडघ्यांवर आले की मागे पडायचे. पाय टेकले की मागे पडायचे. दर वेळी मागेच. नमू गोंधळली, सरही येऊन बघून गेले. पर्यटक सगळीकडे पडतात म्हणाले, पुढे, डावीकडे, उजवीकडे. फक्त मागे पडणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं.

छत्रीखालून सासूबाई ओरडल्या, “गो रतन, फळी चलवतंस काय रापण वडतंस?”

पुन्हा हशा. पण नमू हसली नाही. ती माझ्या पायांकडे बघत राहिली. मग मीही पाहिलं. मी फळीवर टाचा रोवत होते, गुडघे ताठ, पाठ मागे झुकलेली, हात पुढे मुठी आवळून. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून मी रापणीची दोरी ओढत आले आहे. पायाखाली काही हललं की माझं अंग आपसूक मागे रेलतं आणि टाचा खाली रुतवतं. वाळूत हे बरोबर आहे. फळीत टाचा कुठे रुतणार?

दुपारी नमूने मला वाळूवर घेतलं. फळीचा आकार काढला आणि त्याच्यावर पालथं पडून उठायला लावलं, गुडघे वाकवून, छाती पुढे टाकून. मी मागे झुकले की ती माझ्या पाठीत बोट खुपसायची. लहानपणी पाढे म्हणताना चुकली की मी तिला असंच बोट खुपसायचे. ती ते विसरली नव्हती, हे बोटावरून कळत होतं. शेजारच्या बायका पापलेटं विकून घरी जाताना थांबायच्या, बघायच्या, एकदोघींनी टोपल्या ठेवून स्वतःही पडून उठून पाहिलं. मी घामाघूम झाले, पण मला अशी भूक लागली होती, अशी झोप आली त्या रात्री, जशी लग्नाआधी यायची.

पुढच्या सकाळी मी फळीवर दोन्ही पाय टेकले. खरंच टेकले. क्षणभर मी उभी होते, म्हणजे वाकलेली, पण उभ्यात जमा. मी आनंदाने मागे वळून नमूकडे पाहिलं आणि गेले पाण्यात.

मग तेच सुरू झालं. टाचांचा रोग गेला आणि मानेचा निघाला. लाट येतेय हे कानाला कळलं की माझी मान मागे वळायचीच. मान वळली की खांदा वळायचा, खांद्यामागे फळी. नमू सांगून थकली.

“आये, मागे बघू नको.”

“आणि मागसून मोठी इली तर?”

“ती मागसूनच येतली. तिका घेवनच तर फुडे जावचा आसा.”

हे बोलणं मला पटत होतं, पण मान माझ्या ताब्यात नव्हती. शेवटी तीही चिडली. फळी हातात धरून, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ती म्हणाली, की तुला जमणार नाही, कारण तुला जमवायचंच नाही. तू हरायलाच आली आहेस. तू ‘हो’ म्हणताना हसत होतीस, ते मी पाहिलं होतं.

पहिल्या दिवशी ते खरं होतं. पण आज मला त्या फळीवर उभं राहायचं होतं, इतकं, की रात्री स्वप्नातही मी पालथी पडून उठत होते. आणि उभी राहिले तर माझा मुद्दा हरणार, हेही मला कळत होतं. स्वतःच्या विरुद्ध इतक्या जोराने मी कधी लढले नव्हते.

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी गाडी होती आणि नमूने अजून बॅग काढली नव्हती. ती रडली नव्हती, भांडली नव्हती, फक्त रात्री जेवली नव्हती. समुद्र मात्र त्या दिवशी काय सुंदर होता! लाटा एकामागून एक, स्वच्छ, लांबलचक. किनाऱ्यावर पहिल्या दिवसापेक्षा जास्त माणसं, पण हसत कुणी नव्हतं. मी पडले की “आयला” असा एक बारीक सूर उठायचा. गाव माझ्या बाजूने कधी झालं ते मला कळलंच नव्हतं.

दोन-चार वेळा पडल्यावर मी फळीला धरून दम खात उभी होते, तेव्हा नमू जवळ आली. तिचा राग गेला होता. तिने माझे ओले केस कानामागे केले आणि हळू म्हणाली, “आये, तुका दर्याक पाठ करूक व्हयी.”

मी सुरूकडे पाहिलं. सासूबाई ऐकू येईल इतक्या जवळ नव्हत्या. पण म्हातारी कधीपासूनच छत्री मिटून उभी होती. ती काठी टेकत पाण्यापर्यंत आली, लुगडं भिजलं तरी आली, गुडघ्याएवढ्या पाण्यात आमच्याजवळ पोचली. तिने विचारलं, पोर काय म्हणते? मी सांगितलं. मला वाटलं, आता मला दंड धरून फिरवते.

सासूबाईंनी समुद्राकडे पाहिलं. त्यांच्या नवऱ्यासाठी, दिरांसाठी, मुलासाठी त्या किनाऱ्यावर त्या किती उभ्या राहिल्या असतील, ते त्यांनाच ठाऊक. मग त्यांनी काठी पाण्यात रोवली.

“मगे कर पाठ,” त्या म्हणाल्या. “मी हयसर उभी आसय. मी बघतंय दर्याक. तू फुडे बघ.”

मी फळीवर पालथी झाले. नमूने मागून धरलं. लाटेचा आवाज आला. मान वळायला निघाली, मी ती धरून ठेवली, दात आवळून धरून ठेवली. मागे म्हातारी आहे, ती बघतेय, असं मी मनात म्हणत होते. नमूने ढकललं, फळीखाली लाट आली, फळी उचलली गेली, आणि मी हात टेकले, पाय आणले, उठले.

मी उभी होते. आणि फळी चालत होती!

इतका वेग मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. वारा तोंडावर, टी-शर्ट पोटाशी चिकटलेला, पायांखालून पाणी सळसळत जात होतं आणि मी त्यावर होते. माझ्या तोंडून कसला आवाज निघाला देव जाणे. पुढे कळलं, मी ह्यांना नाव घेऊन हाक मारली होती, सगळ्या गावासमोर, लग्नानंतर पहिल्यांदा.

आणि मी पुढे पाहिलं. समोर किनारा होता. आमची कौलं, परबांच्या कुंपणावर सुकत टाकलेली जाळी, वेतोबाच्या देवळाचा कळस, आणि मागे माडांच्या वर आलेला सूर्य. हा किनारा मी जन्मभर पाहिला होता, पण या बाजूने कधीच नाही. सुरूची झाडं दिसली. त्यांच्या खाली ती जागा दिसली, जिथे मी उभी असायचे. नमूला रोज तिथे काय दिसत असेल ते मला कळलं. एक एवढीशी बाई, श्वास रोखून, हात छातीशी धरून. लेक आनंदाने वेडी होऊन लाटेवरून घराकडे येतेय आणि समोर आई अशी, की जणू तिचं प्रेत येतंय.

आणि फळी तर घराकडेच येत होती. मी काहीही न करता. मी इतकी वर्षं समजत आले होते की दर्या माणसं नेतो. हा तर मला आणून सोडत होता, अलगद, वाळूपर्यंत.

फळी वाळूला लागली आणि मी तोंडावर आपटले. पुढे! आयुष्यात पहिल्यांदा पुढे पडले, म्हणून सर टाळ्या वाजवत नाचले. आमचे हे पॅंटसकट पाण्यात आले होते. बायकांनी मला उचललं, कुणी गालाचा पापा घेतला, कुणी रडत होतं. मीही रडत होते आणि हसत होते आणि ओकत होते, कारण खारट पाणी पोटात बरंच गेलं होतं.

नमू पळत आली आणि माझ्यासमोर थांबली. काही विचारलं नाही. कबूल केल्याप्रमाणे विषय तिला काढायचा नव्हता. ओठ दाबून उभी राहिली, श्वास रोखून, हात छातीशी धरून.

“ब्याग खंय तुजी?” मी म्हटलं. “कपडे सुकूक घातलंस की तेय माकाच घालूचे आसत?”

तिने मला अशी मिठी मारली की उरलेलं पाणीही बाहेर आलं.

रविवारी आमच्या तिठ्यावर कुडाळची एसटी आली. आग्नेल सर स्टेशनापर्यंत तिच्यासोबत जाणार होते. बस सुटली आणि नमूने खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे बघायला सुरुवात केली. कंडक्टर आतून ओरडत होता, तरी ती बघतच राहिली, डोळ्यांतून धारा. मला वाटलं, ही आता उतरते.

मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि बसच्या मागे चार पावलं धावले. “नमू, फुडे बघ. मागे मी आसय.”

तिने डोकं आत घेतलं. बस वळणाआड गेली.

घरी येताना सासूबाईंनी विचारलं, तो तिकडचा समुद्र कुठल्या अंगाला? मी सांगितलं, उगवतीला. तिथे सूर्य पाण्यातून वर येतो म्हणतात. त्या ‘बरां’ म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ह्यांचा टी-शर्ट चढवला आणि सरांच्या झोपडीतून फळी आणायला निघाले. ओटीवर सासूबाईंची खुर्ची नेहमीच्या जागी नव्हती. त्यांनी ती फिरवून घेतली होती. आमच्या समुद्राकडे पाठ करून, उगवतीला तोंड करून म्हातारी बसली होती, आणि समोर होता परबांचा गोठा. त्या गोठ्याकडे ती डोळ्यांची पापणी न लववता बघत होती.

मी पायरीवर थांबले. म्हटलं, मी पाण्यात जातेय, आणि तुम्ही तिकडे तोंड करून बसलात. तोंड न वळवताच त्यांनी मला हाताने वाट दाखवली.

“तू जा,” त्या म्हणाल्या. “तुका आता बघूक कोण नको.”